घरच्या घरी रंगवलेला कोबा : हिराकस, गेरू आणि आईची खोली

द्राक्षवेल

तासगावकडच्या आमच्या घराला गेल्या वर्षी मागच्या अंगाला एक खोली काढली, आईसाठी. दहा बाय बारा. जिना चढणं तिला आता होत नाही. जमिनीचा विषय निघाला तेव्हा तिने एकच सांगितलं, "गुळगुळीत फरशी नको, मी एकदा पडलेय त्यावर." म्हणून कोबा केला. गवंड्याने छान घोटून दिला, पण रंग सिमेंटचाच. ढगाळ दिवसात खोली गोदामासारखी वाटायची. आईला हवी होती तिच्या आजोळी होती तशी तांबडी जमीन. झालेला कोबा फोडून रेड ऑक्साईडचा, म्हणजे तांबडी रंगपूड घातलेला, करायचा तर सगळा खर्च पुन्हा, आणि ऑइलपेंटचे पापुद्रे कसे सुटतात ते शेजारच्या घरात पाहिलं होतं.

उपाय सापडला तो आमच्याच शेडमध्ये. चुनखडीच्या रानात वेलीला लोह मिळत नाही, शिरा हिरव्या राहतात आणि पान पिवळं पडतं, म्हणून भाऊ दरवर्षी ठिबकमधून फेरस सल्फेट सोडतो. ते जिथे कालवतो तिथला कोबा तांबूस झालाय. घासून झालं, धुऊन झालं, पावसाने झालं, डाग जागचा हलत नाही. म्हटलं, हाच डाग अख्ख्या खोलीला दिला तर?

फेरस सल्फेट म्हणजे आपलं जुनं हिराकस. कृषी सेवा केंद्रात पोपटी खड्यांच्या रूपात मिळतं. कॉटखाली झाकली जाईल अशा कोपऱ्यात आधी तीन चौकोन करून पाहिले : लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम, १०० ग्रॅम आणि २०० ग्रॅम. एक पूर्ण दिवस थांबले. पहिला फिकट मधासारखा, दुसरा विटेसारखा, तिसरा जवळजवळ काथासारखा. आईने मधला निवडला.

खोली दोन वेळा झाडून, साबणाच्या पाण्याने घासून, स्वच्छ धुऊन एक दिवस वाळू दिली. भिंतीच्या तळाला आणि उंबऱ्याला चिकटपट्टी लावली. प्लास्टिकच्या बादलीत पाणी कालवून, जुन्या सुती फडक्यातून गाळून, बागेच्या प्लास्टिक पंपाने मारलं. मागच्या भिंतीपासून दाराकडे येत गेले, म्हणजे ओल्यावर पाय पडत नाही.

पाणी पडलं तेव्हा काहीच दिसेना. नुसती ओली जमीन. मिनिटभराने काळपट हिरवी झाक चढायला लागली. आई दारात खुर्ची टाकून बसली होती. म्हणाली, "अगं, हे शेवाळ धरल्यागत दिसतंय." माझ्याही पोटात गोळा आला. पण तासाभरात कडा पिवळ्या पडल्या, जिथे आधी वाळलं तिथे नारिंगी आली, संध्याकाळी पुन्हा एक पातळ हात दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर सगळी खोली भाजल्या विटेच्या रंगाची. एकसारखी मात्र नाही. गवंड्याचा गुरमाळा जसा फिरला असेल तसे गोलाकार ढग त्यात उमटलेत, कुठे मधाळ, कुठे तपकिरी. तेच मला सगळ्यात आवडलं.

नंतर वरची सुटी पूड चार वेळा पुसून काढली. पांढरं फडकं पांढरंच राहीपर्यंत पुसायचं. मग जवसाचं उकळलेलं तेल आणि टर्पेंटाइन समसमान घेऊन फडक्याने पातळ हात दिला आणि अर्ध्या तासाने न मुरलेलं तेल कोरड्या कापडाने टिपून घेतलं. तेल लागल्यावर रंग दोन छटा गडद झाला. १२० चौरस फुटांना दोन हात मिळून अर्धा किलो हिराकस लागलं.

कुणी आणखी काही वापरून पाहिलंय का? विशेषतः काळा किंवा पिवळा रंग, घरच्या वस्तूंतून?

सुरंगी

किती सुंदर लिहिलंय. आईची निवड आवडली. एक विचारते, कोबा किती जुना होता? आमच्या चिपळूणच्या घराची पडवी नवीनच केली आहे, तीन आठवडे झालेत. आत्ता केलं तर चालेल?

द्राक्षवेल

आमचा अडीच महिन्यांचा होता, सुरंगीताई. गवंड्याने आठ दिवस पाणी मारायला लावलं होतं, नंतर तसाच वाळू दिला.

पाया_ते_छप्पर

मी बांधकामातला माणूस आहे, बावीस वर्षं साइटवर काढली. या धाग्याबद्दल मनापासून आभार, कारण लोक या जमिनी फोडून टाइल्स बसवतात ते बघवत नाही.

द्राक्षवेलताई, तुम्हाला शेवाळासारखं जे दिसलं ते काय होतं सांगतो. सिमेंट पाण्याशी संयोग पावतं तेव्हा त्यात मोकळा चुना तयार होतो. हिराकसातलं लोह त्या चुन्याला भेटलं की आधी हिरवट फेरस हायड्रॉक्साइड होतं. त्याला हवा लागली की ते पिवळं-तांबूस होत जातं, म्हणजे सरळ शब्दांत गंज. हा गंज कोब्याच्या छिद्रांतच जन्मतो, वर बसत नाही. म्हणून त्याचे पापुद्रे निघत नाहीत आणि तुमच्या भावाच्या शेडमधला डागही जात नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. नव्या कोब्यात चुना भरपूर, म्हणून रंग जोरात येतो. जुन्या कोब्याच्या वरच्या थरातला चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने चुनखडीत बदललेला असतो, तिथे तोच रंग फिका आणि सावकाश येतो. दुसरं, पाण्याला आत जायला वाट हवी. जमिनीवर चमचाभर पाणी टाकून बघा. पाच मिनिटांत मुरलं तर ठीक. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर वर मेण, पॉलिश किंवा तेल आहे, ते काढल्याशिवाय काहीही मारू नका.

सुरंगीताई, २८ दिवस पूर्ण होऊ द्या. शिवाय चिपळूणची हवा आहे, तेव्हा आणखी एक चाचणी करा. हात-दीड हात प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने जमिनीला चिकटवा, दुसऱ्या दिवशी उचला. खाली दव धरलं असेल किंवा कोबा काळवंडला असेल तर खालून ओल येतेय. रंग त्यावर येईल, पण तेल लावायची घाई करू नका.

मंजिरी_ह्यूस्टन

हे वाचून दचकलेच! आम्ही इथे लॉनवर लोह असलेलं खत टाकलं, थोडे दाणे ड्राइव्हवेवर सांडले आणि रात्री पाऊस झाला. सकाळी सगळीकडे नारिंगी ठिपके. ते घालवायला सगळे उपाय केले. शेवटी नवऱ्याने मागच्या पॅटिओला मुद्दाम तेच द्रावण मारलं. इकडे तयार अ‍ॅसिड स्टेन मिळतात, बहुतेकांत हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड आणि धातूंचे क्षार असतात. घरात लहान मुलं असल्याने तो वास आणि ती वाफ आम्हाला नको होती.

आमच्याकडून झालेली चूक सांगते, इतरांना उपयोग होईल. पंपाने पट्टे मारत गेलो आणि एक पट्टा वाळल्यावर दुसरा त्यावर थोडा चढला. जिथे चढला तिथे दुप्पट गडद रेघ. ती आजही दिसते. दोघांनी मिळून करावं, एकाने मारायचं, दुसऱ्याने मऊ झाडूने लगेच पसरवायचं, आणि ओली कडा वाळू द्यायची नाही. भर उन्हात तर नकोच. कपड्यांवर पडलं तर तो कपडा गेला असंच समजा.

गणपतीची_वाडी

सुरंगीताई, पडवी अजून करायची असती तर मी तुम्हाला थेट रेड ऑक्साईड सांगितलं असतं. आमच्या कुडाळच्या घरातली माजघराची जमीन आजोबांनी घातलेली आहे. अजून तिच्यात चेहरा दिसतो. मी लहान असताना आजी सणाच्या आधी नारळाच्या सोडणाने ती घासायची, मग खोबरेलाचं बोट लावलेलं फडकं फिरवायची. दुपारी त्यावर चटई न घालता झोपायचो, पाठीला गारवा लागायचा.

तिच्यात रंग आतच असतो. खालचा कोबा ओला असतानाच वर सिमेंट आणि ऑक्साईडचा थर देतात आणि गुरमाळ्याने घोटत बसतात. सगळी कला त्या घोटण्यात. आमच्याकडे देवळांच्या भिंतींवर जी कावी नक्षी दिसते, पांढऱ्या चुन्यावर तांबडी काव, तीही याच नात्यातली. तांबडी माती आणि चुना यांचं जमतं. गेरू, काव, पिवळी माती या चुन्यात कधी मरत नाहीत.

पाया_ते_छप्पर

गणपतीची वाडी, अगदी बरोबर. फक्त एक पथ्य : रंगाची पूड सिमेंटच्या वजनाच्या १० टक्क्यांवर जाऊ देऊ नका. ५० किलोच्या गोणीला जास्तीत जास्त ५ किलो. लोकांना वाटतं जास्त घातलं की जास्त लाल. तसं होत नाही, वरचा थर अशक्त होतो आणि पायाला रंग लागतो. आणि अख्ख्या खोलीचं सिमेंट-ऑक्साईड कोरडंच एकदम कालवून, दोन-तीनदा चाळून ठेवायचं. घमेल्यागणिक वेगळं कालवलं की घमेल्यागणिक वेगळी छटा. मोठ्या खोलीत काचेच्या पट्ट्या घालून चौकोन पाडा, नाहीतर तडे स्वतःची वाट शोधतात.

अबोली_नागपूर

काळ्या-पिवळ्याबद्दल माझा अनुभव. मी आमच्या गच्चीवरच्या खोलीत हळदीचं पाणी मारलं होतं. मारताक्षणी लालभडक झालं! हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे लक्षातच आलं नव्हतं. दिसायला इतकं देखणं की मी सगळ्यांना फोटो पाठवले. पंधरा दिवसांत खिडकीखालचा भाग उडाला, महिन्याभरात सगळंच मळकट पिवळं. चहा-कॉफीचंही तेच. उन्हापुढे आणि सिमेंटपुढे पाल्याफुलाचा रंग टिकत नाही. ज्यांना करायचं असेल त्यांनी वाया घालवू नये म्हणून लिहिते.

नीळही करून पाहिली. बाटलीतली द्रव नीळ लगेच विटली. पूर्वी सफेदीच्या चुन्यात पुडीची नीळ घालायचे ती वेगळी, ती खनिज पूड असायची.

द्राक्षवेल

अबोली, फार मोलाचं लिहिलंस. काळ्यासाठी मीही एक प्रयोग केला. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस यांची शाई करत, ते आठवून कॉटखालच्या एका चौकोनावर हिरड्याचा दाट काढा फिरवला. डोळ्यांदेखत निळसर काळं झालं, पाटीसारखं. खूप आनंद झाला होता. दीड महिन्यात ते तपकिरीकडे झुकलं. चुन्याच्या सहवासात ती शाई टिकत नाही असं दिसतंय. काळ्यासाठी काजळीच खरी, पण ती ओल्या थरातच घालावी लागते आणि पाण्यावर तरंगते, आधी साबणाच्या दोन थेंबांत मळून घ्यावी लागते.

रोखठोक

एवढा खटाटोप कशाला? दुकानातलं फरशी धुवायचं अ‍ॅसिड आणा, एकदा मारा, छिद्रं उघडतात, मग कुठलाही रंग धरतो. आमच्या गवंड्याने असंच केलंय.

पाया_ते_छप्पर

रोखठोक, तुमच्या गवंड्याचा अनुभव असेल, पण मी घरात हे करू देणार नाही. अ‍ॅसिड जो चुना खातं तोच आपल्याला रंगासाठी हवा आहे. शिवाय त्यातला क्लोराइड आत मुरतो, आणि खाली सळईचा स्लॅब असेल तर सळईला तो नको असतो. सगळ्यात महत्त्वाचं, बंद खोलीत अ‍ॅसिडची वाफ छातीत जाते, आणि आधी ब्लीचिंगने धुतलेल्या जमिनीवर ते पडलं तर क्लोरीन वायू सुटतो. त्याने माणसं दगावतात. घोटलेला कोबा फारच गुळगुळीत असेल तर बारीक कार्बोरंडमच्या दगडाने ओला घासा. मेहनत आहे, पण हाताखाली काय चाललंय ते कळतं.

रोखठोक

ब्लीचिंगचं माहीत नव्हतं. आमच्या घरी दोन्ही बाटल्या शेजारी ठेवलेल्या असतात. आजच वेगळ्या करतो. धन्यवाद.

सुरंगी

मोरचुदाने (कॉपर सल्फेट) निळा-हिरवा येतो असं एका व्हिडिओत पाहिलं. पडवीच्या कडेला तशी पट्टी छान दिसेल का?

पलूसचा_बागायतदार

मोरचुदाचं मी सांगतो. बागेवर बुरशीसाठी आम्ही बोर्डो फवारतो. एक टक्का बोर्डो म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. आमची कालवायची जागा निळी-हिरवी झालीय खरी, पण जिथं पाय पडत न्हाईत तिथंच. वाटेवरचा रंग झिजून गेला. आणि जपून वापरायची चीज हाय ती. पाण्यात गेली तर मासं मरत्यात. धुतलेलं पाणी ओढ्याला, विहिरीला जाता कामा नये. लोखंडी बादलीत तर घालूच नका. आम्ही बोर्डो तपासायला विळ्याचं पातं बुडवून बघतो, पात्यावर तांब्याचा लाल मुलामा चढला की समजायचं चुना कमी पडलाय. म्हंजे बादलीचं काय होईल बघा. चिपळूणला पावसात पडवीचं पाणी कुठं जातंय ते आधी बघा ताई, मग ठरवा.

हिराकस आणताना एक ध्यानात ठेवा. पोतं जुनं असंल, खडं पिवळं-भुरं पडलं असतील तर घेऊ नका, ते आधीच गंजलंय. आणि चिलेटेड लोह महाग म्हणून चांगलं असं समजू नका. त्यातलं लोह बांधून ठेवल्यालं असतं, ते चुन्याला दाद देत न्हाई. पिकाला म्हणून तर ते बरं.

सुरंगी

आमच्या पडवीचं पाणी पऱ्ह्यालाच जातं. मोरचूद नाही करत. एवढं सविस्तर सांगितलंत, खूप आभार, दादा.

मंजिरी_ह्यूस्टन

एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून घाईने लिहिते. जवसाच्या तेलाचे फडके गोळा करून कोपऱ्यात टाकू नका! ते तेल हवेशी संयोग पावून वाळतं, त्यात उष्णता निघते, आणि चुरगाळलेल्या बोळ्यातून ती बाहेर पडत नाही. आपोआप पेट घेतात. एकेक फडकं बाहेर दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.

द्राक्षवेल

मंजिरी, हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं. आम्ही फडके कुंपणाच्या तारेवर टाकले होते, पण ते निव्वळ सवयीने, धोका मला ठाऊक नव्हता. टर्पेंटाइनही पेटतं. तेल लावताना खिडक्या उघड्या, आणि त्या दिवशी खोलीत देवाचा दिवासुद्धा नको.

अबोली_नागपूर

हा धागा वाचून गच्चीच्या खोलीत हिराकस केलं. अर्धी खोली अप्रतिम, अर्धी जवळजवळ राखाडीच. १०० ग्रॅमचंच प्रमाण होतं. कुठे चुकलं?

पाया_ते_छप्पर

राखाडी भागात पाण्याचा थेंब टाकून बघा. आणि तिथे पूर्वी काही ठेवलं होतं का?

अबोली_नागपूर

थेंब उभा राहतोय. आठवलं, तिथे पूर्वी लाकडी कपाटाला पॉलिश केलं होतं, खाली वर्तमानपत्र होतं तरी झिरपलं असणार.

पाया_ते_छप्पर

तेच. तेवढा भाग दगडाने ओला घासा, थेंब मुरेपर्यंत. मग आधी ५० ग्रॅमचा हात द्या. एकदम १०० चा दिला आणि तो नव्याने उघडलेला कोबा असला तर शेजारच्यापेक्षा गडद होईल. गडद झालेलं परत फिकं करता येत नाही, फिकं मात्र केव्हाही चढवता येतं.

अबोली_नागपूर

केलं. तीन हात लागले. सांधा शोधला तर सापडतो, पण माझ्या सासूबाईंना सापडला नाही.

गणपतीची_वाडी

स्वयंपाकघरात करणाऱ्यांसाठी : कोकम, चिंच, लिंबू सांडलं तर तिथल्या तिथे पुसा. सिमेंट आंबटाला हरतं, रंग कितीही पक्का असला तरी. आजी आमसुलं जमिनीवर कधी पसरू द्यायची नाही, त्याचं कारण मला आत्ता कळलं.

द्राक्षवेल

पावसाळा गेला, म्हणून ताजी खबर देते.

बाहेरच्या भिंतीलगत हातभर पट्ट्यात पांढरा खार फुलला होता. मला वाटलं रंगच गेला. कोरड्या काथ्याच्या ब्रशने झाडला तर खाली रंग जसाच्या तसा. बाहेर जाऊन पाहिलं तर पन्हळीचं पाणी नेमकं त्याच भिंतीशी साचत होतं. भावाने चर काढून ते परसात वळवलं. महिनाभर तो पट्टा उघडाच ठेवला, खार पुन्हा फुलला नाही, मग तेवढ्यालाच तेलाचा हात दिला. बाकी खोलीत कॉटच्या पायांखाली थोडं झिजलंय, चालण्याच्या वाटेवर तेल जरा कमी झालंय, रंग आहे तसा आहे. आई अनवाणीच वावरते. पाय घसरत नाही, हे ती आल्यागेल्याला दाखवते.

परवा खोली झाडायला कॉट सरकवली तेव्हा ते तीन चौकोन तिने पुन्हा निरखून पाहिले. २०० ग्रॅमच्या काथ्या रंगाच्या चौकोनावर पाय ठेवून म्हणाली, "सोप्याला हा कर." सोप्याचा, म्हणजे पुढच्या बैठकीचा, कोबा घालून आज अकरा दिवस झालेत. अजून सतरा दिवस थांबायचंय.